सोडवण्याआधी आवळणे

एकदा एक माणूस स्वतःच्या अंगणात, जीपगाडीखाली उताणा पडून एका बोल्टशी झुंजत होता. त्याचे नाव उमाकांत. गाव समुद्रकाठचे. तिथल्या खाऱ्या हवेने गाडीच्या पोटाखालचे सगळे लोखंड तांबूस होऊन गेले होते. दारांखाली बसवायची एक पायरी त्याने बाजारातून आणली होती. गाडीचे जुने बोल्ट काढून त्याच जागी ती जोडायची होती.

पायरी त्याला स्वतःसाठी नको होती. त्याचा एकुलता एक मुलगा मंदार तापाचे निमित्त होऊन गेला, त्याला वर्ष उलटले होते. तेव्हापासून पत्नी शैलजा घराबाहेर पडली नव्हती. "चल, तुझ्या बहिणीकडे जाऊन येऊ," असे तो सारखा म्हणे. ती म्हणे, "गाडी उंच आहे. मला चढवत नाही." उमाकांतने ते शब्दशः खरे मानले. तिचे मन दुसरीकडे वळावे म्हणून त्याने मंदारची खोली केव्हाच रिकामी केली होती, तसबीर कपाटात ठेवली होती आणि घरात त्याचे नाव निघाले की तो विषय बदलत असे.

पहिला बोल्ट काही केल्या हलेना. तेव्हा त्याने पान्याच्या दांड्याला लांब नळी लावली आणि सगळा भार टाकून हिसडा दिला. कड्‌ असा आवाज झाला. बोल्टचे डोके तुटून छातीवर पडले. उरलेला भाग आत तसाच रुतून राहिला. बोटांची सालटी निघाली होती. तो तसाच खूप वेळ गाडीखाली पडून राहिला. पुढच्या बोल्टला हात लावायचे धैर्य होईना.

शेवटी तो आजगावकर सरांकडे गेला. तांत्रिक विद्यालयात त्याला, आणि पुढे मंदारलाही, लोखंडकाम शिकवलेले हे वृद्ध शिक्षक दोन गल्ल्या सोडून राहत. सर काठी टेकत आले. वाकून त्यांनी तुटलेला बोल्ट पाहिला.

"हा आता भोक पाडूनच काढावा लागेल," ते म्हणाले. "बाकीचे बघू."

त्यांनी तारेच्या ब्रशने दुसऱ्या बोल्टवरचा गंज खरवडायला लावला, त्यावर तेल सोडायला सांगितले आणि पायरीच्या खोक्यावर स्वस्थ बसून राहिले. उमाकांतची चुळबुळ चालली होती. तेल मुरल्यावर सर म्हणाले, "आता पाना लाव. आणि आवळ."

"सर, काढायचाय तो."

"माहीत आहे. किंचित आवळ. जोर नको."

उमाकांतने मनाविरुद्ध पाना उलट्या बाजूला दाबला. आतून बारीकसा 'कट' असा आवाज आला.

"आता सोड. अडला की पुन्हा थोडा आवळ, पुन्हा सोड."

असे मागेपुढे करत तो बोल्ट सबंध बाहेर आला. उमाकांतला बरे वाटायला हवे होते. पण कशानेही बरे वाटण्याची सवय आता मोडली होती.

शैलजा चहा घेऊन आली. कप ठेवून ती वळणार, तोच सर म्हणाले, "सूनबाई, मंदारच्या हाताला फार चांगलं वळण होतं. कानस चालवताना जीभ बाहेर काढायचा. आठवतं?"

उमाकांतच्या हातातला पाना खाली पडला. शैलजा थबकली. "लिहितानासुद्धा काढायचा," ती म्हणाली, आणि तिचा बांध फुटला. पदर तोंडाला लावून ती आत निघून गेली.

सरांना फाटकापर्यंत पोहोचवताना उमाकांतचा आवाज चढला. "सर, का काढलंत ते नाव? वर्षभर जपतोय मी तिला!"

सर थांबले. "तो बोल्ट का तुटला, ठाऊक आहे? गंज लोखंडाला सगळीकडून धरतो. तू नुसता बाहेर ओढत राहिलास. पकड सुटली नाही आणि सगळा पीळ बोल्टच्या मानेवर आला. तो ज्या दिशेला रुतला आहे, त्याच दिशेला आधी त्याला जरासं जाऊ द्यावं लागतं. पकड तिथे सुटते. माणूस म्हणजे लोखंड नव्हे, एवढं मलाही कळतं. पण उमाकांत, तिला दुःखातून बाहेर ओढण्यापूर्वी तू तिच्याबरोबर दोन पावलं आत गेलास का कधी?"

उमाकांतने फाटकाची कडी घट्ट धरली. मग म्हणाला, "भीती वाटते सर. आत गेलो तर मीच परत यायचो नाही."

"ती तिथे एकटीच बसली आहे," सर म्हणाले आणि निघून गेले.

दिवस कलला होता. शैलजा स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. उमाकांत तेलकट हातांनी तिच्याशेजारी जमिनीवर बसला. अखेर त्याने विचारले, "इस्पितळात मी औषध आणायला खाली गेलो होतो... तेव्हा तो काही बोलला का गं?"

तिने त्याच्याकडे पाहिले. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ती वर्षभर थांबली होती, हे त्याला त्या नजरेतच कळले.

"बोलला," ती म्हणाली. "'बाबा आले का?' म्हणाला. मी म्हटलं, जिन्यात आहेत, आलेच. मग त्याने डोळे मिटले."

उमाकांतने दोन्ही हातांनी तोंड झाकले. किती वेळ गेला, दोघांनाही कळले नाही. अंधार पडू लागला, तरी दिवा लावायला कुणी उठले नाही. मग शैलजाने हळूच त्याचा सोललेला हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाली, "अजून सांगते. ऐकाल?"

"सांग," तो म्हणाला. आणि त्याने विषय बदलला नाही.