मान देण्याची जागा

लोळण पहिल्यांदा कोणी उकरली, हे ही कथा सांगणारीने पाहिलेले नाही. पाहिल्याचे सांगणारे काही जण त्या राज्यात आहेत. पण त्यांच्या सांगण्यात दर वेळी खड्डा थोडा अधिक खोल होतो आणि उकरणारी त्यांचीच कोणी पणजी निघते, त्यामुळे ती साक्ष येथे धरलेली नाही. निश्चित म्हणता येईल ते एवढेच: त्या सुगरणींच्या राज्यात घरटी उत्तम होती, आणि घरट्यांच्या खाली, कोरड्या ओढ्याच्या काठी, बारीक मऊ मातीचा एक उथळ खड्डा होता. त्याला लोळण म्हणत.

घरट्यांचा त्यांना अभिमान होता आणि तो रास्त होता. प्रत्येक घरटे बंद, गवताच्या काडीत काडी गुंफलेले, वाऱ्याला दाद न देणारे. दार खालच्या बाजूला, लांब नळीसारखे. त्यातून एका वेळी एकच सुगरण आत शिरे. आत कोण आजारी आहे, कोण उपाशी आहे, कोण रुसले आहे, यातले काहीही बाहेर कळत नसे. ते न कळणे हेच चांगल्या घरट्याचे लक्षण मानले जाई.

लोळणीत याच्या उलट. तेथे सगळ्या जणी पिल्लांसह उतरत, मातीत लोळत, पिसे झटकत, आणि झटकून झाले की दोघी-दोघी शेजारी बसत. मग एक जण म्हणे, “मान दे.” दुसरी मान खाली घाली आणि पहिली तिच्या मानेमागची पिसे चोचीने विंचरत बसे. नंतर पाळी बदले. हे का करायचे, असे कोणी कोणाला विचारत नसे. विचारले असते, तर ‘रीत आहे’ यापलीकडे उत्तर मिळाले नसते. तोंडाने मात्र त्यांचे वेगळेच काही चालू असे.

“लोंबे, पोरानं मान धरली का गं?”

“धरली की! आता खाली म्हणून ठेवत नाही. बापावर गेलाय.”

“बाप कुठाय?”

“तिसरं घरटं विणतोय.”

“मग त्याला मान कोण देतंय, तेही बघून ये एकदा.”

यावर सगळी लोळण हसे, लोंबीसुद्धा. कारण नराने एक घरटे विणून दुसऱ्याकडे जाणे ही सुगरणींत पूर्वापार चालत आलेली गोष्ट होती आणि रडून ती बदलत नाही, हे सर्वांना ठाऊक होते.

विणीला हे हसणे आवडत नसे. नराने अर्धवट सोडलेले आणि तिने स्वतः विणून पुरे केलेले तिचे घरटे राज्यात सर्वांत रेखीव होते. त्यात एक काडी जास्तीची नव्हती. लोळणीतला वेळ तिला जास्तीच्या काड्यांसारखा वाटे. ती उतरे, लोळे, घाईने मान पुढे करी आणि निघे. पिंजणआत्या, जी कोणाची सख्खी आत्या नव्हती आणि सगळ्यांची होती, तिला नेमकी गाठत असे.

“आलात का, राणीसरकार? घरटं विणलंयस का किल्ला गं? आत यायचं तर आम्ही दूत पाठवायचा का?”

“आत्या, मान विंचरा. माझी अब्रू नको.”

“अगं, ती काय वेगळी असते? दोन्ही मागच्याच बाजूला. आपली आपल्याला दिसत नाही.”

विणी हसली नाही. वर जाताना तिने ठरवले, की स्वच्छ माती घरपोच मिळाली तर आपण येथे पुन्हा पाय ठेवणार नाही.

याच सुमारास राज्याचा पाहणीदार म्हणून एका बगळ्याची नेमणूक झाली. तो प्रामाणिक होता, हे आधीच सांगितले पाहिजे. तो काठावर एका पायावर उभा राहून बराच काळ पाहत असे आणि पाहता पाहता दुसऱ्या पायाने आपली लांब मान मागून विंचरत असे. बगळ्यांच्या मधल्या नखाला जन्मतःच बारीक दाते असतात. फणी त्याच्या पायातच होती आणि ती फणी आहे, याकडे त्याचे कधी लक्ष गेले नव्हते.

“येथे नेमके काय चालते?” त्याने विचारले.

“मान देतो, मान घेतो, महाराज,” पिंजणआत्या म्हणाली.

“आणि माती?”

“ती असतेच की.”

बगळा ज्या वर्तुळात वाढला होता, तेथे मान हार घालून देत आणि उंच जागी बसून घेत. त्या शब्दाला त्याच्या लेखी एकच अर्थ होता, त्यामुळे त्याला काही पुन्हा विचारावेसे वाटले नाही. भरसभेत त्याने निष्कर्ष मांडला. लोळणीत प्रजेला दोन गोष्टी मिळतात, माती आणि मान. पैकी माती उष्टी असते; एकीची पिसे झटकलेल्या धुळीत दुसरीने लोळणे आरोग्याला बरे नव्हे. तेव्हा यापुढे चाळलेली माती पानांच्या द्रोणातून प्रत्येक घरट्याला पोहोचवावी. राहिला मान. तो देण्यासाठी खड्ड्यात उतरण्याची गरज नाही. रोज सकाळी सर्वांनी आपापल्या दारात येऊन शेजारणीसमोर एकाच वेळी मान लववावी.

विणीला साक्षीला बोलावले होते. तिने सांगितले, की आपल्याला लोळणीतून मातीखेरीज कधी काही मिळालेले नाही. ते तिला खरेच वाटत होते.

पिंजणआत्या उठली. तिच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ असावे. पण नेमके काय, हे तिलाही कधी शोधावे लागले नव्हते. ती म्हणाली, “मग आम्ही बोलायचं कुठं?”

सभा हसली. बगळा हसला नाही. तो शांतपणे म्हणाला, “बोलणे हा मातीचा गुणधर्म नाही.”

दुसऱ्या दिवशी लोळणीवर बाभळीच्या काट्या पडल्या.

सुरुवातीचे दिवस विणीला सुखाचे गेले. द्रोणातली माती खरोखरच बारीक होती. सकाळचे वंदन पाहण्यासारखे होई: फांद्याफांद्यांवरच्या सगळ्या माना एकदम खाली आणि एकदम वर. पिंजणआत्याची मान मात्र वयाने ताठरली होती. तिला वाकता येत नसे आणि त्याबद्दल तिला समजही मिळाली होती. विणीच्या अंड्यांतून पिल्ले निघाली. त्यांतले एकच पिल्लू जगले. त्याचे नाव तिने कणी ठेवले.

कणीने वेळेवर मान धरली. हे सांगायला विणी दारापर्यंत आली. पण समोरच्या दारात कोणी नव्हते आणि वंदनाची वेळ टळून गेली होती. ती परत आत गेली.

काही दिवसांनी कणीने धरलेली मान सोडली. आधी ती अंगाला अंग घासू लागली, मग दाणा टाकू लागली, मग तिचे डोके एका बाजूला कलायला लागले. विणीने पिल्लाची पिसे उलटून पाहिली. मुळाशी पिसवा होत्या. तिने चोचीने एकेक वेचून काढली; वेचण्यातही ती विणण्याइतकीच काटेकोर होती. संध्याकाळी कणीचे अंग निर्मळ असे. रात्रभर ती तिला पंखाखाली, गळ्याशी धरून ऊब देई. सकाळी पिल्लाच्या अंगावर पिसवा तितक्याच असत.

तिने घरट्याचे अस्तर बदलले. माती दुप्पट मागवली. शेजारच्या झाडावर एका पिल्लाने मान टाकल्याचे तिने ऐकले. मग आणखी एकाचे. कोणाची ती पिल्ले, हे तिला कळले नाही, कारण ते आता कळण्याची जागा उरली नव्हती.

बगळा पाहणीला आला. त्याने द्रोणातली माती पाहिली, भिंतीची वीण पाहिली, नळीला डोळा लावून पिल्लू पाहिले.

“मातीत दोष नाही,” तो म्हणाला. “घरट्यात तर नाहीच. म्हणजे दोष पिल्लातच असावा.”

“ती अंड्यातून निघाली तेव्हा धडधाकट होती, महाराज.”

“काही दोष उशिरा दिसतात.” हे बोलताना त्याचा पाय सवयीने वर गेला आणि त्याची मान मागून सावकाश विंचरू लागला.

विणी त्या पायाकडे पाहत राहिली. तो गेल्यावर तिने आपला पाय उचलून मानेमागे नेला. तिची नखे साधी होती. खाज क्षणभर थांबली, एवढेच. मग तिने चोच वळवली. पाठ लागली, खांदा लागला. मानेच्या मागे चोच पोहोचेना. तिने दुसऱ्या बाजूने वळवून पाहिली. काटेकोर जीव असल्यामुळे तिने हे पुन्हा पुन्हा करून पाहिले. जमले नाही. पण यातून काय समजायचे, ते मात्र तिला त्या वेळी उमगले नाही. तिला वाटले, आपणही आजारी पडत आहोत.

दुसऱ्या दिवशी कणीने दाण्याला चोच उघडली नाही, तेव्हा विणी पिंजणआत्याच्या घरट्याकडे गेली. जाणे तिला जड गेले. भर सभेत दिलेली साक्ष तिला आठवत होती, आणि आत्यालाही आठवत असणार, यात शंका नव्हती. ती नळीखालच्या फांदीवर बसली आणि नियमाप्रमाणे तिने मान लववली.

रोजच्या वंदनात सगळ्या जणी एकाच वेळी वाकत, म्हणून कोणाला कोणाची मान दिसत नसे. आज वाकणारी एकटीच होती. आणि वर दारात, अगदी जवळ, जी होती, तिला वाकताच येत नव्हते.

“कोण, राणीसरकार? आज दूत नाही का आला?” आत्या म्हणाली आणि एकदम थांबली. “अगं बया! हे काय वागवतेयस मानेवर?”

“काय आहे?”

“काय आहे म्हणून काय विचारतेस? बुजबुजलीय नुसती! आणि हीच मान घेऊन पोरीला कुशीत घेतेस?”

विणीने मान वर केली नाही. “मला दिसत नाही, आत्या,” ती म्हणाली.

“कशी दिसेल? चल खाली. इथं फांदीवर दोघींना बूड टेकायला जागा नाही. चल म्हणते ना! साक्ष नंतर फिरव.”

त्या लोळणीपाशी उतरल्या. काट्यांच्या कडेला हातभर मोकळी माती होती. आत्या म्हणाली, “मान दे,” आणि विणीने मान दिली. काम बराच वेळ चालले. मग आत्याने आपली मान खाली घालायचा प्रयत्न केला. ती वाकेना, तेव्हा विणी एका दगडावर चढली. आत्याची मान विणीच्या मानेपेक्षा वाईट होती. ती वेचताना काय बोलावे हे विणीला सुचेना. शेवटी तिने विचारले, “लोंबीच्या पोराचं कसं आहे?”

“तुला कळलंच नाही का गं?” आत्या म्हणाली.

त्या रात्री कणी आईच्या गळ्याशी झोपली आणि सकाळी विणीला वेचण्यासारखे फारसे सापडले नाही. मान धरायला कणीला वेळ लागला. तोवर काट्यांच्या कडेला आणखी जणी येऊ लागल्या होत्या. पहिल्या दिवशी लोंबी आली. विणीसमोर मान घालून बसली आणि विणीने ती विंचरली. पुढे काट्यांमध्ये एक सुगरण जाईल एवढी फट पडली, मग दोन जातील एवढी. बगळ्याने दुरून पाहिले, की प्रजा वंदनाच्या वेळेबाहेरही एकमेकींना मान देत आहे, आणि सभेत योजनेच्या यशाचा उल्लेख केला. लोळण बंद ठेवण्याचा हुकूम आजही कायम आहे.

पुढच्या हंगामात एका सकाळी तो स्वतः आला. वयाने त्याच्या नखाचे दाते झिजले होते, असे म्हणतात. सांगणारीने ते नख जवळून पाहिलेले नाही. तो काठावर दोन्ही पायांवर उभा राहिला. त्याने काट्यांकडे पाहिले, फटीकडे पाहिले, आणि मग आपली लांब मान हळूहळू खाली आणत मातीला टेकवली.

काही जणींनी घाईघाईने उलट वंदन केले. विणी जागची हलली नाही. कणी तेवढी उठली, तिची चोच आता टणक झाली होती, आणि टुणटुणत त्या मानेपाशी गेली. तिला ‘मान’ या शब्दाचा दुसरा अर्थ कोणी शिकवलेला नव्हता. तिने एक पांढरे पीस बाजूला केले आणि मुळाशी पाहू लागली.

बगळ्याने मान उचलली नाही.

त्याने त्या दिवशी मान दिली, हे त्या राज्यात सर्वांना मान्य आहे. कोणत्या अर्थाने दिली, ते अजून ठरलेले नाही.