बिनचोचीचा पोपट

फार फार पूर्वी, जेव्हा डोंगरसुद्धा सकाळी जरा उशिरानेच जागे होत, तेव्हाची ही गोष्ट.

त्या डोंगरांच्या कुशीत एक गाव होतं. चैत्र सरत आला की तिथे सावरीच्या झाडांचा कापूस उडायचा. अंगणात, चुलीपाशी, बैलांच्या शिंगांवर पांढरे धागे अलगद उतरायचे, आणि गाव आपलंच स्वप्न बघत पडल्यासारखं दिसायचं.

त्या गावाची एक रीत होती. नवी सून पहिल्यांदा माहेरी निघाली की घरच्या दमणीतून निघायची. दमणी म्हणजे माणसं न्यायची, छपराची, हलकी बैलगाडी. तिला ताजा रंग हवा. तो रंग बघायला सारा गाव वेशीपाशी जमायचा. सुनेचं तोंड पदराखाली असायचं, त्यामुळे बघण्यासारखा रंगच काय तो उरायचा.

गावाच्या टोकाच्या घरात एक सून नुकती आली होती. ती बोलायची कमी आणि बघायची फार. एक दिवस तिच्या माहेरचा निरोप आला. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. पुनवेला ती घाटापलीकडे जाणार होती. इतकी लांब, की तिथून निरोप येतात, माणसं येत नाहीत.

सुनेने गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या दमणीकडे पाहिलं. दमणी कधीकाळी तांबडी होती. आता तिचा रंग चावून टाकलेल्या विड्यासारखा झाला होता. बोट फिरवलं की बोटाला भुकटी लागायची.

"आत्याबाई, मी पायी जाऊ का?" तिने सासूला विचारलं.

"पायी आलेली लेक म्हणजे टाकलेली लेक, असं म्हणतात लोक," सासू म्हणाली. तिचे हात डाळ निवडत होते आणि डोळे डाळीतच होते. "आणि रंगाची ऐपत यंदा नाही. पुढल्या वर्षी जाशील."

पुढल्या वर्षी बहीण तिथे नसणार, हे दोघींनाही ठाऊक होतं.

नवरा मनाचा चांगला होता. बाजारातून तो एक गडू तांबडा रंग घेऊन आला. गडू एवढासा, रंग त्याहून कमी.

"अगं, एक बाजू नक्की होईल," तो म्हणाला. "वेशीपाशी लोक डावीकडेच उभे राहतात. पाराच्या सावलीला."

"आणि उजवी बाजू?"

"उजवीकडे शेत आहे. बुजगावण्याला रंगातलं काय कळतं?"

सून पदराआड हसली. नवऱ्याने तिथल्या तिथे कुंचला बुडवला आणि चाकाच्या मधल्या गोल तुंब्यावर, धुळीवरच, एक फटकारा ओढला. तुंबा नवरदेवासारखा चमकला. दुसऱ्या दिवशी बैलाने शेपटी मारली, आणि दुधावरची साय निघावी तसा तो रंग निघून आला. खाली जुनी धूळ होती तशीच होती.

सून बराच वेळ त्या तुंब्याकडे बघत राहिली. मग तिने गडूवर फडकं बांधून तो घरातल्या फळीवर ठेवला, आणि रिठे भिजत घातले.

दुसऱ्या सकाळी तिने दमणी रिठ्याच्या पाण्याने धुतली. मग चुलीतली राख वस्त्रगाळ केली, ओल्या फडक्यावर घेतली आणि दमणीच्या उजव्या फळीवर हळूहळू फिरवायला लागली. वरची भुकटी निघत गेली. तिच्याखाली रंग होता. मेलेला नव्हता, नुसता झोपलेला होता. त्यावर तिने जवसाच्या तेलाचं बोट फिरवलं तशी फळी आतून उजळली. पहाटेच्या आभाळाला तांबडं फुटतं, तशी.

शेजारीण कुंपणावरून डोकावली. "अगोबाई! नवी सून गाडीला न्हाऊ घालते! आता वेणी कधी घालणार म्हणायची?"

"केस वाढले की घालीन, काकी," सून म्हणाली आणि घासत राहिली.

दिवस असेच गेले. दुपारी सावरीचा कापूस तेलावर चिकटायचा, ती फुंकर मारून उडवायची. तिकडे आभाळात चंद्र कलेकलेने भरत होता. तो भरताना बघून तिचा हात आणखी जोरात चालायचा.

आणि त्या घाईतच तिच्याकडून चूक झाली. उजव्या फळीच्या मधोमध तिने एकाच जागी इतकं घासलं, की तांबडा रंग झिजला आणि आरपार गेला. खालून हिरवं दिसलं. होता नव्हता तो रंगही आपण घालवला!

"हळू, हळू," कोणीतरी म्हणालं. "डोळ्यात राख जाते माझ्या."

सुनेने फळीकडे पाहिलं. हिरव्या रंगातून एक काळाभोर गोल डोळा तिच्याकडे बघत होता. तिने जपून आणखी पुसलं. पंख निघाला, शेपटी निघाली. पोपट होता तो, जुन्या हाताने काढलेला, थोडा गबदुल. चोचीच्या जागी मात्र नुसतं लाकूड होतं.

"निघायची वेळ झाली का?" पोपटाने विचारलं.

"कुठे निघायची?"

"माहेरी. जिने मला काढलं, ती म्हणाली होती, चोच रंगली की निघू. मग वरून अंधारच आला."

मागे पावलं वाजली. सासू डाळ पाखडायचं सूप घेऊन उभी होती. तिने पोपट पाहिला, आणि सूप हातातल्या हातात कलंडलं. डाळ अंगणभर झाली.

"आलीस?" पोपट तिला म्हणाला. "किती उशीर! मी तयारच आहे. चोच तेवढी राहिली."

सासू सांडलेल्या डाळीतच फळीसमोर बसली. ती बोलली, तेव्हा तिचा आवाज एखाद्या मुलीसारखा झाला होता.

"मी नवी होते तेव्हा काढला होता हा. हिरवा रंग पुरला, तांबडा चोचीपुरता कमी पडला. माझ्या सासूबाई म्हणाल्या, बिनचोचीचा पोपट घेऊन वेशीबाहेर जायचं नाही, अपशकुन होतो. पुढल्या वर्षी जा." तिने पदराने फळीवरचा एक धागा टिपला. "पुढल्या वर्षी तांबडा रंग आला. यांनी सगळ्या गाडीवर फासला. पण तोवर माझी आई गेली होती. जायचं कोणाकडे?"

सून आत गेली, गडू घेऊन आली आणि त्याचं फडकं सोडून तो सासूपुढे ठेवला.

सासूने करंगळी बुडवली. एका फटकाऱ्यात चोच उमटली. तांबडीलाल, जरा बाकदार. चोच रंगली आणि गडूतला रंग जवळजवळ होता तेवढाच राहिला.

"एवढ्याशा रंगापायी!" सासू म्हणाली. आधी हसली, मग रडली. मग डोळे पुसून तिने मुलाला हाक मारली. "अरे, बैल जुंप!"

"आई, पण डावी बाजू अजून तशीच आहे! लोक तिकडेच असतात!"

"असू देत. पुनव उद्यावर आली, ती काय रंगासाठी थांबणार आहे?"

दमणी वळण घेत वेशीपाशी आली, तशा तिच्या दोन्ही बाजू लोकांना दिसल्या. डावीकडून ती विटकी होती, उजवीकडून उजळ, आणि त्या उजळ फळीच्या मधोमध हिरवा पोपट. पारावरून कोणी ओरडलं, "ही कसली तऱ्हा? अर्धाच रंग?"

छपरातून सासूने तोंड बाहेर काढलं. डोक्यावरचा पदर तिने मुद्दामच मागे घेतला होता. "अर्धा असला तरी आमचा आहे, दादा. सरा, वाट सोडा!"

"तुम्ही कुठे निघालात म्हातारपणी?"

"माहेरी," सासू म्हणाली. "माझं राहिलं नाही. हिचं बघून येते."

पुनवेच्या सकाळी बहिणी बहिणी भेटल्या. एकमेकींच्या गळ्यात पडल्या तेव्हा थोरलीच्या बोटांचा तांबडेपणा धाकटीच्या गालाला लागला. तो तिने पुसला नाही. घाट चढेपर्यंत तो तिच्यासोबत होता.

तेव्हापासून त्या गावात रंगासाठी कुठली सून अडली नाही. दमणी राखेने पुसायची, तेलाचा हात द्यायचा, पोपटाच्या चोचीला बोट लावायचं आणि निघायचं, हीच रीत झाली. त्या गडूतला रंग कितीतरी सुनांना पुरला, असं म्हणतात. आणि सावरी उडायच्या दिवसांत वेशीपाशी उभं राहिलं, तर उजवीकडून अजून कोणीतरी विचारतं, "निघायचं ना?"

तात्पर्य: असलेला रंग हाताने उजळावा आणि वेळेवर निघावं; नव्या रंगाची वाट बघत बसलं, तर आपली वाट बघणारं माणूस राहत नाही.