तुळाजीचं इंजिन आणि घाटाची वळणं

फार पूर्वीची गोष्ट आहे. मोटारी नुकत्या कुठे डोंगर चढायला शिकल्या होत्या, तेव्हाची. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

एका डोंगराळ राज्यात तुळाजी नावाचा मेस्त्री राहत होता. त्याची थोरली बहीण भागीरथी शर्यतीची मोटार चालवायची आणि तुळाजी ती मोटार सांभाळायचा. तिला तो अक्का म्हणे.

राज्यात सत्तावीस वळणांचा एक घाट होता. दर वर्षी तिथे मोटारींची शर्यत होई. जो आधी माथा गाठेल, त्याला पलीकडच्या गावांना वर्षभर टपाल आणि औषधं पोचवण्याचं काम मिळे. अक्काला लहानपणापासून तेच काम हवं होतं. पलीकडची माणसं गाडीचा आवाज ऐकून कशी अंगणात येतात, हे तिने पाहिलं होतं.

एका वर्षी अक्का दुसरी आली. एका गाडीच्या लांबीने मागे पडली. त्याच दिवशी राजाने जाहीर केलं, "पुढच्या वर्षी जो जिंकेल, त्याला हे काम कायमचं. मग शर्यत बंद."

घरी येताना अक्का म्हणाली, "तुळाजी, वळणातून बाहेर पडताना गाडी जराशी अडखळते बघ. तेवढं काढता आलं तर..."

तुळाजीने पुढचं ऐकलंच नाही. "जोर कमी पडला, अक्का. जोर वाढवतो," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने इंजिन खाली उतरवलं.

त्या गाडीला टर्बो होता. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चक्र फिरवी आणि ते चक्र बाहेरची हवा इंजिनात कोंबून भरी. हवा जास्त तर जोर जास्त. तुळाजीने आधीच्या दुप्पट मोठं चक्र बसवलं. त्या दाबाने इंजिनाचं पॅकिंग फुटलं. त्याने जाड पॅकिंग घातलं, तर पिस्टनला तडा गेला. मग पिस्टन नवे ओतून घेतले, पिस्टनचे दांडे बदलले, पाण्याची टाकी मोठी केली. एक दुरुस्त झालं की दुसरं बोलू लागे. त्याच्या जिवाला स्वस्थता अशी नव्हतीच. चहा अर्धा टाकून उठायचा, जेवताना ताटाच्या कडेवर बोटाने चक्र काढायचा, बोलता बोलता मध्येच निघून जायचा.

अक्का अधूनमधून दारात येऊन उभी राही. "अरे, माझं जरा ऐकशील का?"

"तू फक्त चालव, अक्का. बाकीचं माझ्यावर सोड."

अखेर एकदा गाडी माळावर पळाली. सुरुवातीला सुस्त वाटली, पण मग अशी सुटली की बघणाऱ्यांच्या टोप्या उडाल्या. लोकांनी तुळाजीला खांद्यावर घेतलं.

अक्का मात्र गाडीतून उतरली ती कपाळाला आठी घालूनच. म्हणाली, "आधी झोपल्यासारखी असते आणि मग एकदम उसळते. घाटात एकदा नेऊन बघू या."

"उसळते तेच तर हवंय! आणि घाटात कशाला? अजून थोडा दाब वाढवायचाय." असं म्हणून त्याने पुन्हा इंजिन उघडलं. ते पुन्हा जोडून झालं शर्यतीच्या आदल्या दिवशी.

शर्यतीत मेस्त्रीने चालकाशेजारी बसायची रीत होती. निशाण पडलं. पायथ्याच्या सरळ रस्त्यावर अक्काने सगळ्यांना मागे टाकलं आणि तुळाजी मोठ्याने हसला.

पहिलं वळण आलं. अक्काने वेग कमी केला, गाडी वळवली आणि पायाने जोर मागितला. गाडी हललीच नाही म्हणा ना. मंदावलेल्या इंजिनाचा धूर जेमतेम, त्याने ते थोरलं चक्र फिरेना. एक गाडी पुढे गेली. दुसरी गेली. मग चक्राने वेग घेतला आणि सगळा जोर एकदम चाकांत उतरला, पण तोवर समोर दुसरं वळण येऊन ठेपलं होतं.

प्रत्येक वळणावर तेच झालं. जोर हवा तिथे मिळेना, नको तिथे आवरेना. नवव्या वळणावर मागचं चाक कठड्याला घासलं आणि एक दगड दरीत गेला. तो खाली आपटल्याचा आवाज खूप उशिरा आला.

अक्काने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"थांबू नको, अक्का! अजून अठरा वळणं आहेत!"

"म्हणूनच थांबले," ती म्हणाली. "मला औषधं पोचवायची होती रे. या गाडीत मीच पोचत नाही."

तुळाजीच्या तोंडून निघून गेलं, "मग आधी का नाही सांगितलंस?"

अक्का खाली उतरली आणि मागच्या चाकाला दगड लावू लागली. दारात येऊन उभी राहणारी अक्का तुळाजीला आठवली आणि त्याने मान खाली घातली.

त्यानंतर कित्येक दिवस तो इंजिनाला शिवला नाही. मग एका सकाळी म्हणाला, "अक्का, घाटात चल. कुठे काय होतं ते मला दाखव." दोघं सत्तावीस वळणं पायी चढली. प्रत्येक वळणावर अक्का बोलली आणि तुळाजी ऐकत राहिला. परत आल्यावर त्याने चक्र लहान आणि हलकं घडवलं, दाब उतरवला. माळावर ही गाडी कुणाच्या नजरेत भरली नसती. घाटात मात्र अक्काने पाय टेकला की ती निघे.

पहिल्यांदा ती गाडी घेऊन दोघं माथ्यावर पोचली, तेव्हा मागून एक गाडी आली. टपालाच्या थैल्या आणि औषधांच्या पेट्या घेऊन दुसराच कुणी पलीकडे निघाला होता. अक्काने आपली गाडी बाजूला घेऊन त्याला वाट दिली आणि ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली. तुळाजीला तिच्याकडे बघवेना. गाडी अक्काला हवी तशी झाली होती, पण शर्यत होऊन गेली होती आणि आता पुन्हा होणार नव्हती.

तात्पर्य: ज्याच्यासाठी बळ वाढवायचं, त्याचं म्हणणं आधी ऐकावं; न ऐकता वाढवलेलं बळ ऐन वेळी त्याचीच वाट अडवतं.