कप्तानसाहेबांची मराठी

कंपनी सरकारच्या अमलात हार्डविक नावाच्या गोऱ्या कप्तानाने फारसी सोडून मराठी शिकायला घेतली, आणि वर्षाअखेर परीक्षेत तो आपटला. चिडून त्याने आपल्या शिक्षकाला, त्र्यंबकशास्त्र्यांना, कर्नलसाहेबांपुढे उभे केले. शास्त्रीबुवांना तुरुंगाची धास्ती वाटत होती.

कप्तान त्यांच्यावर कडाडला, "सोपी सोपी म्हणून ही भाषा तूच माझ्या गळ्यात मारलीस. वर्षभर नुसत्या थापा मारल्यास. एक अक्षर शिकवलं नाहीस, लबाडा!"

"यावर काय म्हणणं आहे?" कर्नलसाहेबांनी विचारले.

शास्त्रीबुवा हात जोडून म्हणाले, "सरकार, मी काही शिकवलं नाही, हे साहेबांनी इतक्या अस्खलित मराठीत सांगितलं, की मी आणखी काय बोलू?"

कर्नलसाहेबांनी शास्त्रीबुवांना घरी पाठवले आणि कप्तानाला तोंडी परीक्षेत उत्तीर्ण केले.