गाळजाईचा रांजण

पाहुणे, चपला इथेच काढा आणि पुढे या. ओढ्याच्या मधोमध खडकात बसवलाय तो दगडी रांजण, आणि देवळात टांगलाय तो वाळका भोपळा. दोन्ही गाळजाईचे. भोपळ्याला हात लावू नका, याआधीचे पाहुण्यांनीच फोडलेत.

असे सांगतात की, फार पूर्वी वरच्या कुसवडीत हैबती पाटील होते. ओढ्याकाठचे त्यांचे वावर दर पावसाळ्यात धुपायचे. माती वाहत खालच्या कुसवडीत जायची आणि तिथे भात कमरेएवढा वाढायचा. पाटलांच्या वावरात खडक उघडा पडू लागला, तसे त्यांना अन्न गोड लागेना. असेच चालले असते तर पेरायला जागाच उरली नसती.

त्यांनी माती परत मागितली. खालचे म्हणाले, तुम्ही किती माती गमावता ते आधी दाखवा. मग देवीसमोर ठरले. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी रांजण ओढ्यात ठेवायचा. संध्याकाळपर्यंत तो गाळाने अर्धा भरला, तर खालच्यांनी पाटलांचे वावर भरून द्यायचे. माप खोटे निघाले, तर तोच गाळ पाटलांनी आपल्या डोक्यावरून वर न्यायचा. हा शब्द पाटलांनीच अंगारा लावून दिला.

नेमकी त्या सोमवारी पावसाने उघडीप दिली. पाणी नितळ वाहू लागले. पाटलांचे धाबे दणाणले. त्यांनी म्हणे वरच्या वळणाआड आपल्याच वावरातली माती खणून ओढ्यात लोटली आणि घरच्या म्हशी पाण्यात घातल्या. संध्याकाळी रांजण काठोकाठ भरला. पाटील मिशीला पीळ देत उभे राहिले.

खालच्या गावच्या साळूबाई सगळ्यांत वडील. त्यांनी देवळातला भोपळा मागवला आणि पाण्यात सोडला. गुरवाची आरती संपली, प्रसाद वाटून झाला, तरी भोपळा हाकेच्या अंतरावरच होता.

"पाटील," साळूबाई म्हणाल्या, "पानी चाललंय माझ्यावानी, काठी टेकत. मग एवढी माती आनली कुनी?"

पाटील काही बोलायच्या आत वळणावरून म्हशी आल्या, शिंगांपर्यंत चिखलात माखलेल्या. मागून पाटलीणबाईंचा आवाज आला, "अवो, म्हशींना अजून गाळ तुडवू द्यायचा, का आता बास?"

सगळा काठ हसला. पाटलांनी खाली मान घालून पाटी भरली, डोक्यावर घेतली आणि चढ चढू लागले. साळूबाई मौज बघायला मागोमाग गेल्या. वावर बघितले आणि त्यांचे हसू मावळले. सकाळपर्यंत होती नव्हती ती माती पाटलांनी स्वतःच लोटून दिली होती. उरला होता नुसता खडक. पाटील पाटी उतरवून त्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

साळूबाईंनी खाली वळून आपल्या माणसांना हाक दिली, "लबाडी मापात हाय, खडकात न्हाई. उचला पाट्या."

आजही श्रावणातल्या त्या सोमवारी आधी भोपळा सोडतात, मगच रांजण बघतात. गाळाची पहिली पाटी पाटलांच्या घरचा माणूस डोक्यावर घेतो, बाकीच्या खालची कुसवडी वर नेऊन टाकते. वावर तुमच्यासमोरच आहे, बघा, हिरवेगार आहे. आणि आजही आदल्या दिवशी खालच्या गावचा एक पाहुणा पाटलांकडे मुक्कामाला येतो. त्याला पुरणपोळी वाढतात, आग्रह करतात, तोही पोटभर जेवतो. फक्त त्याचा पाट म्हशींच्या गोठ्याच्या दारात मांडावा लागतो.