कंठहराच्या मुठीतली सम

एका राज्यात सम हरवली होती.

ताल सोळा मात्रा चालून जिथे पुन्हा घरी येतो, त्या पहिल्या मात्रेला सम म्हणतात. ती गेल्याचे आधी गवयांना कळले, मग सगळ्यांना. गाणारा समेच्या एक मात्रा आधी तरी पोहोचे, नाहीतर एक मात्रा उशिरा. तो मृदंग्याकडे रागाने पाही, मृदंगी त्याच्याकडे. पुढे नावाड्यांची वल्ही एकमेकांवर आपटू लागली. कांडणाऱ्या बायकांची मुसळे उखळात टकरू लागली. देवळात आरती एकीकडे चाले आणि घंटा दुसरीकडे.

ही करणी कंठहर नावाच्या जादूगाराची. सात वर्षांपूर्वी तो राजगायिका तुंगाबाईंकडे गाणे शिकायला आला होता. बाईंनी त्याला पहिल्या दिवशी षड्ज दिला, दुसऱ्या दिवशी षड्ज दिला, तिसऱ्या दिवशीही षड्जच दिला.

"पुढे?" त्याने विचारले.

"पुढेही हेच," बाई म्हणाल्या.

तो ताडकन उठला. दरबारात घुमणारी सम त्याने उजव्या हाताने हवेतच झडपली आणि मूठ मिटली. "आता या राज्यात कोणी समेवर येणार नाही," तो म्हणाला, "आणि जिने मला बसवून ठेवले, ती बसल्या जागी दगड होईल."

तसेच झाले. पहिल्या वर्षी बाईंची पावले दगडाची झाली, मग गुडघे, मग कंबर. बाईंनी शिकवणे सोडले नाही. हात दगडाचे झाले तेव्हा त्या मान हलवून ताल दाखवू लागल्या. सातव्या वर्षी दगड खांद्यांवर चढला. राजवैद्याने बोटे लावून मोजले आणि सांगितले, "अकरा दिवसांत गळा जाईल."

राजा धवलकीर्ती बाईंसमोर येऊन बसला. "कोणाला पाठवू, बाई?"

"कुमुदेला."

"ती? ती तर फार उतावळी आहे."

"म्हणूनच. कंठहर काय बोलतो ते तिला समजेल."

कुमुदा नऊ वर्षे बाईंकडे शिकत होती. गळा निर्मळ होता, पण सुरांचा एक पलटा बसायच्या आत ती दुसरा मागे. "पुढे?" हा शब्द दिवसातून दहादा तिच्या तोंडी येई. बाईंचे बोलणे ऐकून तिने खाली पाहिले.

"तीन ठिकाणी अडशील," बाई म्हणाल्या. "जिथे अडशील तिथेच बस. या साळुंकीला बरोबर ने. ती माझ्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर वाढली आहे. तिला सूर कळतो, अदब मात्र कळत नाही."

पहिल्या दिवशी वाट एका तळ्याशी संपली. ते तळे सुरावर तोलले जाई. षड्ज खरा लागला तर पाणी काचेसारखे घट्ट होई, हलला तर पातळ. कुमुदेने षड्ज लावला आणि धावत निघाली. चौथ्या पावलाला ती गळ्यापर्यंत बुडाली.

"न्हाऊन झाले असेल तर गायला बस," साळुंकी म्हणाली.

कुमुदा काठावर बसली. तंबोरा नव्हता, म्हणून तिने कान पाण्याला लावला. तळाशी एक बारीक गुंजन चालले होते. त्यात आपला सूर मिसळेपर्यंत ती गात राहिली. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी आपला आवाज कोणता आणि तळ्याचा कोणता, हे तिला सांगता येईना. ती उठली आणि चालत पलीकडे गेली. पाऊल ओले झाले नाही.

पुढे प्रतिध्वनीचे खोरे होते. तिथे पलटा गात जावे लागे आणि चुकीच्या सुरावर काटेरी झुडूप उगवे. सारेग, रेगम, गमप, मपध. कुमुदा झरझर चढली. उतरताना धपम झाले, पमग झाले आणि मगरेच्या जागी मगसा निघून गेले. समोर पुरुषभर उंचीची बाभूळ उभी राहिली. ती मागे फिरली आणि पहिल्यापासून पुन्हा गायली. चूक तिथेच झाली. आता बाभळी दोन झाल्या.

"चढताना छान दिसत होतीस," साळुंकी म्हणाली.

"मग मी काय करू?"

"बाई काय सांगतात?"

कुमुदेला आठवले. बाई कधी सगळा पलटा पुन्हा गायला लावीत नसत. ज्या जागी काटा, तिच्या दोन सूर आधी जायचे आणि तेवढाच तुकडा मुंगीच्या पावलाने गायचा. पमग, मगरे. पमग, मगरे. चार दिवस तिने एवढेच केले. आठव्या दिवशी बाभळींची पाने गळाली, मग काटे गळाले आणि वाट मोकळी झाली.

खोऱ्याच्या टोकाला कंठहराचा गड होता. आत सोन्याच्या वीणा होत्या, रत्नांचे मृदंग होते. एकही वाद्य वाजत नव्हते. मधोमध कंठहर उजवी मूठ मिटून बसला होता. सात वर्षांत नखे तळव्यात रुतली होती.

"तुला कशाला पाठवले ते मी जाणतो," तो म्हणाला. "पण आधी माझ्या प्रश्नाचे उत्तर दे. सम माझ्या मुठीत आहे, तरी माझीच सम चुकते. का?"

"ताल धरून दाखवा."

कंठहराने मूठ डाव्या तळव्यावर आपटली. पहिल्या मात्रेला ढप्. पाचव्या मात्रेला ढप्. नवव्या मात्रेलाही ढप्.

"नवव्या मात्रेला टाळी नाही," कुमुदा म्हणाली. "ती 'खाली', म्हणजे रिकामी मात्रा. तिथे हात उलटा करून उघडायचा."

त्याने डावा हात उलटा करून हलवला.

"कोणाला निरोप देतोस?" साळुंकीने विचारले.

"हा नव्हे, तो मिटलेला," कुमुदा म्हणाली. "सोळा मात्रांत एकदा हात रिकामा करावा लागतो. त्यावरूनच कळते की सम अजून किती लांब आहे."

"उघडला तर ती उडून जाईल."

"जाईल."

"तू मला फसवतेस."

"फसवायचे असते तर ती जाणार नाही असे म्हटले असते. हे मला बाईंनी शिकवले. तुम्ही तिसऱ्याच दिवशी उठून गेलात."

कंठहराने मिटलेली मूठ पुढे केली. मग म्हणाला, "शिकव."

दोन दिवस ती त्याला मात्रा मोजायला शिकवत होती. नवव्या मात्रेला त्याचा हात वळे, पण बोटे उघडत नसत. ती त्याला चूक म्हणाली नाही, दर वेळी "पुन्हा" म्हणाली. अकराव्या दिवशी दुपारी तो वैतागला. "पुढे?"

कुमुदेने तोंड उघडले. तिकडे दगड बाईंच्या गळ्याशी आला असेल, हे तिला दिसत होते. तिलाही पुढेच जायचे होते. पण तोंडून शब्द निघाले ते बाईंचे, आणि आवाजही जणू बाईंचाच होता. "पुढेही हेच."

कंठहर चमकला. मग त्याने पुन्हा पहिल्या मात्रेपासून सुरुवात केली. पाचवी झाली. नववी आली, हात वळला आणि बोटे उघडली.

मोहरीएवढा उजेड वर उडाला. पण तो पळाला नाही, छताशी थांबून वाट पाहू लागला. दहा, अकरा, बारा. कंठहराचे मोजणे चुकले नाही. सोळा संपल्या. त्याने मोकळ्या हाताने टाळी दिली आणि उजेड नेमका त्या टाळीवर उतरला.

"आली," तो म्हणाला. त्याच्या आयुष्यातली ती पहिली सम.

गडातल्या सगळ्या वीणा एकदम झंकारल्या. नदीवर चाळीस वल्ही एका ठोक्याला पाण्यात पडली. मुसळामागून मुसळ सुरळीत पडू लागले. देवळात आरती आणि घंटा पुन्हा भेटल्या. दरबारात तुंगाबाईंच्या गळ्याशी आलेला दगड तडकला आणि ढलप्या होऊन पायापर्यंत गळून पडला. बाईंनी आधी हात झटकले, मग तंबोरा मागितला.

कुमुदा परत आली त्या दिवशी सारे नगर दरबारासमोर जमले. मागून खाली मान घालून कंठहर आला. शिपायांनी भाले आडवे केले. राजाने बाईंकडे पाहिले.

"त्याचा चौथा दिवस राहिला आहे," बाई म्हणाल्या. "मागच्या ओळीत बसू दे."

मग त्या कुमुदेकडे वळल्या. "तुझे नऊ वर्षांचे मागणे आहे. बोल, पुढे काय देऊ?"

"षड्ज द्या, बाई."

बाईंनी षड्ज दिला. कुमुदा गाऊ लागली आणि नगराने ताल धरला. नवव्या मात्रेला हजारो हात उलटे झाले, उघडले, रिकामे दिसले. त्यांत मागच्या ओळीतला एक हात नखांच्या खुणांचा होता. पुढच्या सात मात्रा कोणी घाई केली नाही.

मग सम आली, आणि सगळे तिथेच होते.