पारण्याच्या पंगतीतला अध्यक्ष

“एकशे ऐंशी देश हो म्हणताहेत आणि एकच नको म्हणतोय. काय करावं, माई?”

निरंजन देवस्थळी विमानतळावरून थेट खाडीकाठच्या मठात आला होता. समुद्रातल्या प्लास्टिकवर सगळ्या देशांचा करार व्हायचा होता, त्या बैठकीचा तो अध्यक्ष. परवा शेवटचा दिवस. कालची एकादशी त्यानेही धरली होती. त्यात तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता.

मठ सांभाळणाऱ्या माई केळीची पानं पुसत होत्या. “मग मतं घे की.”

“मतदान नाहीच. सर्वसंमती लागते. मी ‘कुणाची हरकत?’ विचारायचं. कुणी आपल्या देशाची पाटी उभी केली नाही, की हातोडा मारायचा. करार झाला.”

“आणि केली उभी तर?”

“एका चिमुकल्या बेटाची बाई आहे, मागच्या रांगेत बसते.” निरंजन हसला. “मी मान खाली घालूनच विचारणार, आणि लगेच हातोडा. पाटी दिसलीच नाही, तर नियम कुठे मोडला?”

“हुशार आहेस हो…” माई म्हणाल्या. “चल, पारण्याला बस.”

निरंजन पंगतीच्या टोकाला बसला. माई मान खाली घालून वाढत आल्या. भात, वरण, तूप… त्याच्या पानाशी आल्या आणि तशाच मागे वळल्या.

“पोचलं ना सगळ्यांना? पोचलं.”

“माई… माझं पान रिकामं आहे.”

माईंनी मान वर केली नाही.

शेजारचे बापू पेठे मिशीत हसले. “नियमात बसतंय हो, साहेब.”

निरंजनचे कान लाल झाले. तो उठला, ओसरीवर गेला आणि त्याने त्या बाईंना फोन लावला.

परत आला तेव्हा त्याचे खांदे सैल पडले होते.

“एकच वाक्य हवंय त्यांना, माई. त्यांच्या किनाऱ्यावर कचरा लाटांबरोबर येतो, दुसऱ्यांचा. तो त्यांच्या नावावर धरू नका, एवढंच. चार दिवस माझ्या फोनची वाट बघत होत्या.”

“आणि बाकीचे?”

“हे वाक्य चालेल का, ते बाकीच्यांना उद्या विचारतो. एकेकाला.”

त्याच्या पानावर वाफाळता भात होता. पंगतीत कुणीच पानाला हात लावला नव्हता. बापूंनीसुद्धा नाही.

तो पानावर बसला. किती दिवसांनी त्याला सपाटून भूक लागली होती.

माईंनी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक चेहरा पाहिला.

“हं… आता घ्या देवाचं नाव.”